चपला फाटकाबाहेर

“गवंड्याला सांगून ठेवलंय,” माझे सासरे, अप्पा म्हणाले. “बारशाच्या तीन दिवस आधी येतो. फाटकापासून पायरीपर्यंत सगळी शहाबादी टाकून घेऊ. पाव्हण्यांना मातीतनं कशाला आणायचं?”

मी उंबऱ्याच्या आतल्या बाजूला पाटावर बसले होते, कानांवरून फडकं बांधून. मांडीवर नऊ दिवसांची प्रांजल. तेव्हा ती प्रांजल नव्हती, नुसती ‘बाळ’ होती. न्हाऊन, शेकून, शेपाची धुरी घेऊन अशी झोपली होती की मांडीला तिचं वजन लागत नव्हतं.

“सगळी?” मी विचारलं.

“सगळी. इथं काय उगवतंय का?”

खरं होतं ते. फाटकापासून पायरीपर्यंत बारा पावलं लांब आणि सहा पावलं रुंद एवढी ती जागा. घर पूर्वेला तोंड करून, पण समोर रस्त्यापलीकडे पाण्याची उंच टाकी, आणि शेजाऱ्यांच्या भिंतीला लागून ओळीनं अशोकाची झाडं. सकाळी टाकीची सावली, मग अशोकाची, आणि दुपारनंतर आमच्याच घराची. लग्न होऊन आल्यापासून दीड वर्षात मी तिथं गुलाब घालवला, शेवंती घालवली. तुळस तर मान लांब करकरून उजेड शोधत शोधत गेली. आमच्या मिरजेतल्या कॉलनीत एवढं उघडंबोडकं दार आमचंच.

“अप्पा, गवंडी येईपर्यंत एखादं झाड जगलं तर?”

ते पायात चपला सरकवत होते, ते थांबले. माझ्याकडे नाही, त्या मातीकडे बघत म्हणाले, “जगलं तर तेवढी माती ठेवू. पण जगायचं नाही.”

“आधीच नाट कशाला लावताय हो?” न्हाणीतून मल्लव्वाचा आवाज आला. “पोरगी हौसेनं म्हणाय लागलीय तर लावू द्या की.”

अप्पा फिरायला गेले.

पहिलं बाळंतपण खरं तर माहेरी व्हायचं. पण आठव्या महिन्यात आई जिन्यावरून घसरली आणि तिचाच पाय प्लास्टरमध्ये गेला. म्हणून बारसंही बाराव्या दिवशी न करता सव्वा महिन्यावर ढकललेलं, तोवर आई चालायला लागेल म्हणून. सासूबाईंना मी पाहिलंच नव्हतं. माझ्या लग्नाआधी दोन वर्षं त्या गेल्या. बैठकीत त्यांचा फोटो होता, किंचित खाली बघणारा, जणू फोटोग्राफरनं ‘वर बघा’ म्हटल्यावरही त्यांनी ऐकलं नव्हतं. घरात अप्पा, माझा नवरा भरतेश आणि मी. आणि रोज सकाळी दोन तास मल्लव्वा. ती अप्पांच्या गावची. भरतेशलाही तिनंच पायांवर घेऊन न्हाऊ घातलेलं. सत्तरीला आलेली, पण तिच्या तळव्यांत अजून सगळ्या गावाची बाळं होती.

“आईंना झाडांची आवड नव्हती का?” मी एकदा भरतेशला विचारलं होतं.

“छे. तिनं कधी एक कुंडीसुद्धा ठेवली नाही,” तो म्हणाला होता. “गावाकडं आमचा पानमळा होता म्हणे, मी अगदी लहान असताना. पण आईला मातीत हात घालायचा कंटाळाच असावा.”

मला ते ऐकून उगाच बरं वाटलं होतं. वाटलं होतं, ह्या घरातली पहिली झाडवेडी मीच.

*

सव्वा महिना उंबरा ओलांडायचा नव्हता. त्यामुळे मी आतच बसायची आणि बाहेर बघायची. त्या दिवसांना वार नव्हते. दूध आणि झोप, झोप आणि दूध, मधेच बाळाचं ते झोपेतलं हसणं, जे कुणाला उद्देशून नसतं. डोळे उघडे ठेवूनही मी निम्मी झोपेत असायची. आणि समोर ती रिकामी माती, तिच्यावरून सरकणारं ऊन.

सरकणारं. ते माझ्या तेव्हाच लक्षात आलं. दीड वर्ष मी म्हणत होते, इथं ऊनच नाही. पण नऊच्या सुमाराला टाकीच्या खांबांमधून ऊन आत यायचं, ओढणीसारखं फाटकाजवळ पसरायचं, आणि साडेदहाला अशोकाच्या मागे जायचं. मग जागेच्या मध्यावर कवडसे यायचे, नाण्याएवढे, हलणारे. बाळाच्या पापण्या हलायच्या तसे.

“भरतेश, जरा रांगोळीचा डबा घे,” मी म्हणाले.

त्याची त्या आठवड्यात दुपारची ड्युटी होती, स्टेशनवर, पार्सल ऑफिसात. सकाळभर तो माझ्या हुकमतीत. दर तासाला मी आतून सांगायची आणि तो उन्हाच्या कडेनं रांगोळीची रेघ ओढायचा.

“इकडं थोडी वाकडी. हां. आता तिथं दहा लिही.”

“लोक बाळाची पत्रिका मांडतात,” तो म्हणाला. “तू उन्हाची मांडायला लागलीस.”

शेजारच्या काकू फाटकावरून डोकावून म्हणाल्या, “काय हो, ही कुठली पूजा?”

“उन्हाची,” भरतेश गंभीरपणे म्हणाला. “अडलेलं ऊन मोकळं व्हायची.”

तीन दिवसांत मला सगळं कळलं. फाटकाजवळ दीड तास सरळ ऊन. मधे कवडसे. कोपऱ्यात, गच्चीच्या पन्हाळीखाली, कायम ओल. आणि पायरीच्या डाव्या हाताला, भिंतीशी, ऊन कधीच नाही. पण अंधारही नाही. नुसता उजेड, गाळून घेतल्यासारखा.

मल्लव्वाला मी हे सगळं दाखवलं, तर ती हातातलं तेल पदराला पुसत म्हणाली, “उन्हाचं झाड सावलीत लावायचं आन् मग झाडाला शिव्या द्यायच्या. सावलीला सावलीचं दे की.”

दुसऱ्या दिवसापासून ती येताना पिशवीत काहीबाही घेऊन येऊ लागली. पन्हाळीखाली सोनटक्क्याचे कंद. नळाशी अळू. फाटकाजवळच्या उन्हात अबोलीची चार रोपं. “दीड तास ऊन तिला भरपूर, जास्त दिलं तर नखरे करती.” मधल्या कवडशांत पानांचा ओवा, “पोरीला सर्दी झाली की हाताशी.” कुठल्या तरी आडाच्या भिंतीतून उपटून आणलेला नेचाही. ती लावायची, मी आतून बघायची. अळू दोन दिवसांत उभा राहिला. अप्पा जाता-येता बघायचे आणि न बघितल्यासारखं करायचे.

“अळू काय, गटारीवर पण येतंय,” एकदा म्हणाले.

राहिली ती पायरीजवळची भिंत. तिथं काय? मल्लव्वाही काही बोलेना.

मला रोज जेवणानंतर ओवा-बाळंतशोपा घालून विडा मिळायचा. पानांची पुडी मल्लव्वाच आणायची. एक दिवस तिनं पुडी टेबलावर ठेवली आणि अप्पा तिथून जाताना नकळत थांबले. एक पान उचललं, अंगठ्यानं त्याच्या शिरेवरून हात फिरवला, देठ मोडून नाकाशी नेला. मग चटका बसल्यासारखं खाली ठेवलं. मी त्यांना कधी पान खाताना पाहिलं नव्हतं. पानमळ्याच्या गावचा माणूस, आणि लग्नाच्या पंगतीतला विडासुद्धा तसाच ताटाखाली ठेवून उठायचा.

त्याच पुडीत पानांबरोबर चुकून वेलीचा एक तुकडा आला होता. बोटाएवढा जाड, तीन पेरांचा, एक पान धरून बसलेला. मी तो औषधाच्या छोट्या पेल्यात पाणी घालून खिडकीत ठेवला. आठव्या दिवशी पेरातून पांढरी मुळं फुटली, बाळाच्या भुवईच्या केसांइतकी बारीक.

“मल्लव्वा, हे बघ! पानवेलीला ऊन चालत नाही ना? त्या भिंतीशी लावून दे की.”

तिनं पेल्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. चेहरा एकदम उतरला.

“तू हात लावलास हिला?”

“मीच तर ठेवलंय.”

“बाळंतिणीनं पानवेलीला हात लावू नये गं. सुकती.” मग आवाज खाली घेत, बैठकीकडं बघत ती म्हणाली, “मी न्हाई लावत. आन् अप्पांस्नी कळू देऊ नको.”

“का?”

“नको म्हटलं की नको.”

ती बाळाला घेऊन न्हाणीत गेली. त्या दिवशी तिनं बाळाला घातलेलं पाणी मला जरा गरमच वाटलं.

*

मी विज्ञान शिकलेली मुलगी. मला हसू यायला हवं होतं. पण तेव्हा माझी कातडीच पातळ झाली होती. कुणी काही म्हटलं की ते थेट आत जायचं. माझ्या हातानं वेल सुकते? ह्याच हातांनी तर मी दिवसभर बाळाला धरत होते.

एकविसाव्या दिवशी दुपारी अप्पा झोपले होते, भरतेश ड्युटीवर, बाळ पाळण्यात. मी पेला उचलला आणि उंबरा ओलांडला.

तीन आठवड्यांनी पायाखाली माती लागली. गार, थोडी चिकट. मला एकदम कुठं तरी खोल पाण्यात उतरल्यासारखं वाटलं. टाकी, अशोक, सगळं जाग आल्यासारखं माझ्याकडं बघत होतं. चमच्यानं खड्डा केला, दोन पेरं आत, एक वर. माती दाबली. पाणी घातलं. आत आले तेव्हा बाळ पाळण्यात हात वर करून जागीच होती, ओरडली मात्र नव्हती. जणू तिनं मला जाऊ दिलं होतं.

मग सुरू झालं ते वाट बघणं. गवंडी यायला अठरा दिवस. अळू, अबोली, ओवा सगळे जगणार हे दिसत होतं, म्हणजे फाटकाकडची माती वाचली होती. पण मला त्यांचं काही वाटेना. माझं सगळं लक्ष त्या एका पेराकडं. ते जगलं तर माझा हात चांगला.

चौथ्या दिवशी पानानं मान टाकली. मी उंबऱ्यातूनच हात लांब करून तांब्याभर पाणी घातलं. सहाव्या दिवशी पान पिवळं. मी दोन तांबे घातले. सातव्या दिवशी ते गळून पडलं, आणि मी बाळाला पाजता पाजता रडले. फोनवर आई म्हणाली, “अगं, बाळंतपणात येतं असं रडू. झाडाचं काय घेऊन बसलीस?” तिला कसं सांगू, की मला बाळाला उचलून घ्यायची भीती वाटत होती.

आठव्या दिवशी सकाळी पुन्हा तांब्या घेऊन वाकले, तर मागून आवाज आला.

“पाणी बस झालं.”

अप्पा. वर्तमानपत्र हातात. किती वेळ उभे होते कुणास ठाऊक. मी तांब्या घट्ट धरला. आता ओरडणार, म्हणून वाट बघितली. पण ते तेवढंच बोलले आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी पाहिलं तर पेराच्या भोवतीची माती भुसभुशीत केलेली. बाजूनं बोटानं एक बारीक चर काढलेला, साचलेलं पाणी पन्हाळीकडं जावं असा. तिसऱ्या दिवशी शेजारी शेवग्याची एक काठी रोवलेली, आणि वेलीचं बोडकं पेर तिला गवताच्या पातीनं बांधलेलं. ती गाठ मी कधी पाहिली नव्हती. इतकी हलकी की वेलीला कळूही नये, आणि ओढली तर सुटत नव्हती.

“तू बांधलीस?” मी भरतेशला विचारलं.

“मला बुटाची नाडी बांधता येत नाही धड.”

त्याच आठवड्यात आणखी एक सुरू झालं. अप्पांच्या चपला पायरीशी दिसेनात. त्या फाटकाबाहेर असायच्या, रस्त्याच्या कडेला, नीट जोडीनं काढलेल्या.

“अप्पा, कुत्रं उचलून नेईल,” भरतेश म्हणाला.

“नेऊ दे.”

मी मल्लव्वाला विचारलं. ती बाळाच्या टाळूवर तेल जिरवत होती. हात तसाच राहिला.

“पानमळ्यात चपला घालून जात न्हाईत,” ती हळूच म्हणाली. “फाटकाबाहेर काढतात.”

*

गवंडी आला तो दिवस मला त्याच्या एकेका उजेडासकट आठवतो. नऊ वाजून गेले होते. ऊन फाटकापाशी येऊन थांबलेलं. टेम्पोतून फरशा उतरत होत्या. मल्लव्वा नुकतीच आली होती. बाळ माझ्या खांद्यावर. मी उंबऱ्यात उभी होते आणि बघत होते भिंतीकडं. शेवटच्या दोन दिवसांत मी मुद्दामच तिकडं बघितलं नव्हतं.

पेराच्या बगलेतून कोंब आला होता. तांबूस, टोकदार, आणि त्याच्या टोकाला अजून न उलगडलेलं एक पान, गुंडाळीसारखं.

“अप्पा!” मी म्हणाले.

गवंडी फाटक ढकलून आत पाय टाकणार, तेवढ्यात अप्पा म्हणाले, “थांबा. चपला बाहेर काढा.”

“आँ? काम करायचंय की, काका. घरात कुठं येतोय?”

“तरी काढा.”

तो बिचारा माझ्याकडं बघत चपला काढायला लागला. अप्पा भिंतीपाशी जाऊन उकिडवे बसले. कोंबाला हात लावला नाही. नुसते बघत राहिले. मग माझ्याकडं न वळताच विचारलं, “तूच लावलीस नव्हं?”

“हो.”

“कितव्या दिवशी?”

“एकविसाव्या.” मी एका दमात सांगून टाकलं. “मला माहीत नव्हतं अप्पा, बाळंतिणीनं लावू नये ते. म्हणजे नंतर कळलं, पण तरी मी लावली.”

त्यांनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिले.

“भरतेश वीस दिवसांचा होता,” ते म्हणाले. “घरात उकडत होतं. ही त्याला घेऊन मळ्यात आली, सावलीला. तासभर बसली असंल. पंधरा दिवसांत वेली पिवळ्या पडायला लागल्या. सगळा मळा गेला. घरात, भावकीत सगळ्यांनी एकच धरलं, बाळंतीण मळ्यात शिरली म्हणून गेला.”

“आणि तुम्ही?”

“मी मुळं उपटून बघितली होती.” त्यांचा आवाज एकदम कोरडा झाला. “काळी पडलेली. कुजलेली. वास मारत होती. पाणी साचून झालेलं ते. आन् पाणी मीच सोडलेलं. पोरगा झाला म्हणून गावभर पेढे वाटत हिंडत होतो, बंद करायचं राहून गेलं. दोन दिवस पाणी उभं होतं मळ्यात.”

गवंडी एक चप्पल हातात धरून तसाच उभा.

“सांगितलं नाहीत?” मी विचारलं.

“आज सांगू, उद्या सांगू. मग ती स्वतःच म्हणायला लागली, माझा हात वाईट. परत बांधावर आली नाही कधी. इथं राहायला आलो, म्हटलं लाव चार झाडं दारात. तर म्हणाली, नको, माझ्या हातानं जगायची नाहीत. शेजारणीच्या तुळशीला पाणी घालायची वेळ आली तरी भरतेशच्या हातात तांब्या द्यायची.”

मागं मल्लव्वा उभी होती. तिनं पदर तोंडाला लावलेला होता, तो काढला.

“आत्ता सांगताय व्हय?” ती म्हणाली. “पद्माक्का ऐकायला असताना सांगायचं होतं. त्या वर्साला मी बी तेच बोलले होते तिला. तोंडावर.”

अप्पांनी तिच्याकडं बघितलं.

बाळानं माझ्या खांद्यावर एक लहानशी उचकी दिली. मला फोटोतल्या त्या खाली बघणाऱ्या बाईची आठवण झाली. आवड नव्हती, कंटाळा होता, असं आम्ही किती सहज म्हणत होतो. ह्या उघड्या मातीवरून ती किती वर्षं ये-जा करत राहिली असेल, हात पदरात लपवून.

मग मल्लव्वानंच पुढं होऊन बाळाला माझ्याकडून घेतलं. “जा,” ती मला म्हणाली. “बघ जवळनं. एकोणचाळीस दिवस झालेत, काय होत न्हाई.”

मी उंबरा ओलांडला. ह्या वेळी सगळ्यांच्या देखत.

गवंड्यानं शेवटी घसा खाकरला. “मग काका, फरशी?”

“चार टाका,” अप्पा म्हणाले. “फाटकापासून पायरीपर्यंत, पाऊल टाकायला लागतील तेवढ्या. एकीपासून एक लांब. मधी माती राहू दे. आन् बाकीच्या परत न्या.”

“चार फरशांसाठी मला बोलावलंत?”

“च्या घेऊन जावा,” मल्लव्वा म्हणाली. “चपला मात्र तिथंच राहू द्या.”

*

बारशाला आई काठी टेकत आली, त्या चार फरशांवरून, मुलीसारखी उड्या मारल्याचं नाटक करत. सोनटक्का पुढच्या वर्षी फुलला. अबोली तर आता आवरत नाही. सहा वर्षं झाली. कॉलनीतले लोक आम्हाला फार सोवळ्याचे समजतात, कारण आमच्याकडं येणाऱ्याला फाटकाबाहेर चपला काढाव्या लागतात. प्रांजल शाळेतल्या मैत्रिणींना सांगते, “आमच्या दारात मळा आहे.” सहा पावलांचा मळा.

पण मला सांगायचं होतं ते पहिल्या पानाबद्दल.

बारशानंतरच्या संक्रांतीच्या सुमाराला ते खुडण्याजोगं झालं. भिंतीवर तोवर सात-आठ पानं होती. अप्पांनी मला हाक मारली. मला वाटलं, ते स्वतः खुडतील, त्यांना त्याची रीत माहीत.

“तू खुड,” ते म्हणाले. “तुझ्या हातची आहे.”

मी खुडलं. त्यांनी ते माझ्याकडून घेतलं, धोतराच्या सोग्याला हळूच पुसलं आणि बैठकीत गेले. मी बाळाला कडेवर घेऊन दारातच थांबले. त्यांनी देठ मोडला, टोक मोडलं, आणि पान मधोमध फाडलं. एक अर्धुक फोटोपुढं ठेवलं. तिथं काही वेळ उभे राहिले, ओठ हलत होते. एकतीस वर्षांचं बोलणं होतं, लवकर संपणार नव्हतं.

मग दुसरं अर्धुक त्यांनी तोंडात घातलं, चुना नाही, कात नाही, नुसतं हिरवं पान, आणि डोळे मिटून सावकाश चावू लागले.